‘आई’ नेमकी कोण?

बत्तीस वर्षांच्या नोकरीतली बहुतेक प्रकरणं मला डायरी उघडून आठवावी लागतात. हे एक डायरीशिवाय आठवतं.

छत्तीसगड वेगळं होऊन काही वर्षं झाली होती. जबलपूरच्या गढ़ा भागातल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. तिथल्या एका मराठी गणेश मंडळाचा चांदीचा मुकुट आणि तो सांभाळणारा तरुण कार्यकर्ता एकाच दिवशी नाहीसे झाले. मंडळातल्या त्याच्या जोडीदाराने जबाब दिला, ‘पिशवी घेऊन स्टेशनकडे जाताना पाहिला.’ लोकांनी तेवढ्यावर निकाल लावला. मुलाच्या घरच्यांनी मंडळात पाऊल टाकणं सोडलं.

दोन वर्षांनी शहरातल्याच कांचघर भागातल्या एका मंडपवाल्याने जवळच्या पाटन गावची खबर आणली. “साहब, पाटन में उस जोड़ीदार के ससुर का खेत है. कुएँ में अच्छा-भला पानी था, फिर भी इसने भरवा दिया. काहे?”

तहसीलदारांसमोर विहीर उकरली. तळाशी माणसाची हाडं निघाली. जोडीदाराला आणलं, तर तो निवांत चहा पीत बसला. “तो सुरतेत मजा करून राहिला असेल, साहेब. तुम्ही काहून कोणाचीबी हाडं मोजून राहिले?”

बोलणं उद्धट होतं, पण मुद्दा बरोबर होता. हाडं कोणाची हे ठरल्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. आमच्या हवालदाराने मुलाच्या आईच्या रक्ताचा नमुना घेतला आणि हाडांबरोबर प्रयोगशाळेत पाठवला.

हाडं ओलीत राहिल्यामुळे पेशींतला मुख्य डीएनए मोडला होता. पण पेशीत आणखी एक छोटा डीएनए असतो. त्याच्या प्रती पुष्कळ, म्हणून तो टिकतो. आणि तो मुलाला फक्त आईकडून मिळतो. त्याची अक्षरं वाचून आईच्या अक्षरांशी ताडायची होती. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. पण न दिसणारी अक्षरं वाचायची कशी? मी प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारलं.

“आप परेड में जवानों को कद से खड़ा करते हैं न? बस, वही,” त्या म्हणाल्या.

डीएनएच्या त्या तुकड्याच्या असंख्य नकला तयार करतात. नकलेसाठी लागणाऱ्या साध्या अक्षरांत थोडी ‘थांबा’ अक्षरं मिसळलेली असतात, चार अक्षरांना चार रंगांची. थांबा-अक्षर बसलं की ती नक्कल तिथेच थांबते. कुठली दहाव्या अक्षरावर, कुठली अकराव्या, कुठली बाराव्या. अशा सगळ्या लांबीच्या नकला मिळतात आणि प्रत्येकीच्या टोकाला एक रंग असतो. मग विजेच्या जोरावर त्यांना बारीक नळीतल्या जेलमधून ओढतात. बुटके पुढे, उंच मागे. यंत्र फक्त टोकाचा रंग नोंदवतं: हिरवा, लाल, लाल, निळा. रंगांचा क्रम तोच अक्षरांचा क्रम. इतकी शिस्तशीर हजेरी मला माझ्या ठाण्यात कधी मिळाली नाही.

अहवाल आला. दोन रांगा जुळत नव्हत्या. “या तो हड्डी उसकी नहीं, या माँ उसकी नहीं,” मॅडम म्हणाल्या. दुसरी शक्यता मी मनावर घेतली नाही.

अहवालाचा निकाल सांगायला मुलाच्या घरी गेलो. मुलाच्या बहिणीने आत हाक मारली, “वहिनी, साहेब आले. चहा ठेव.” भावजय येईल असं मला वाटलं. बाहेर आल्या साठीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई.

“या कोण?”

“माझी आई.”

“मग रक्त दिलं त्या?”

“त्या मोठी आई, बाबांच्या मोठ्या भावाच्या मिसेस. घरात सगळे त्यांनाच आई म्हणतात. धाकटे काका हिला वहिनी म्हणायचे, मग आम्हीपण वहिनीच म्हणतो.”

मोठी आई दारातच उभ्या होत्या. “हवालदार भैयाने विचारलं, घर में माँ कौन है. मी समोर झाली. काहून, मी आई नाही काय? मीच वाढवला त्याला.”

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. हवालदार हिंदी भाषक, त्याला माफ. पण मी मराठी. माझे वडील स्वतःच्या आईला ‘काकू’ म्हणत. डायरीत मी दोन याद्या ठेवतो: ‘माहीत आहे’ आणि ‘धरून चाललो’. ‘आई’ मी पहिल्या यादीत लिहिली होती.

वहिनींचा नमुना गेला. या वेळी रांग अक्षर न् अक्षर जुळली. आई, तिची आई, तिची सख्खी भावंडं, सगळ्यांत ही रांग एकच असते, म्हणून तेवढ्यावर थांबलो नाही. त्यांच्याकडचं दुसरं कोणी बेपत्ता नव्हतं, आणि मुलाच्या मोडलेल्या पायाचा जुना एक्स-रे हाडाशी जुळला.

अहवाल जोडीदारापुढे ठेवला. त्याने चहाचा कप खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. मग कबूल केलं: मुकुट चोरताना मुलाने त्याला पाहिलं, म्हणून त्याने मुलाला मारून सासऱ्याच्या विहिरीत टाकलं होतं. पंचांसमोर त्यानेच आपल्या गोठ्यातली गव्हाण खणून मुकुट काढून दिला. पुढे न्यायालयात शिक्षा झाली.

नमुना जुळल्यावर, मुलगा गेल्याचं वहिनींना कसं सांगावं याची मी मनात तयारी केली होती. त्या आधीच म्हणाल्या, “साहेब, तो गेला हे मला माहीत होतं. तो चोर नाही, हे आता सगळ्यांना कळू द्या.”

न्यायालयातून मुकुट परत मिळाला त्या वर्षी मंडळाने तो मूर्तीवर चढवायला वहिनींना बोलावलं. त्या मोठ्या आईंचा हात धरून आल्या. मुकुट दोघींनी मिळून चढवला.

त्यानंतर आमच्या ठाण्यातून गेलेल्या प्रत्येक नमुन्याच्या कागदावर मी लाल शाईने एक शब्द वाढवत गेलो: ‘जन्मदात्री’. नव्या हवालदारांना सांगत असे, यंत्र अक्षरं बरोबर वाचतं. माणसं घरात एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, ते मात्र आपल्यालाच जाऊन विचारावं लागतं.