बाईच्या मापाची गोळी

फोन आला तेव्हा मी गडचांदूरला, सिमेंट कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. भाऊजी एवढंच म्हणाले, "बाई गेली रे..." मी बरं म्हणालो आणि ताटातला भात संपवला. हात धुतल्यावर मग साहेबाला सांगितलं. त्याला महिना होऊन गेला. अजून रडू येत नाही.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, सुलोचना. ब्रह्मपुरीच्या बाजारात ती तलावातली मासोळी विकायची. आवाज असा, की गिऱ्हाईक भाव पाडायला घाबरायचं. खोकला लागला तेव्हा आधी टीबीची औषधं झाली. मग नागपूरला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, हाडांपर्यंत पोचलेला. बायका विचारायच्या, "बिडी पेत होती का वं?" तिनं आयुष्यात बिडी हातात धरली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसातला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर समजावलं, की रोगाच्या पेशींत एका जनुकात बदल झालाय आणि नेमकी त्याच बदलावर चालणारी गोळी आहे. रोग मुळातून जाणार नाही, पण दबेल. बाईनं विचारलं, "म्हणजे माह्याच मापाची गोळी?" त्या हसल्या. "तसंच समजा."

गोळी लागू पडली. अंगावर पुरळ यायचं, नखांच्या कडा चिघळायच्या. पण उन्हाळ्यात खाटेवरून न उठणारी बाई दिवाळीनंतर टोपली घेऊन बाजारात बसली. मी समोर नुसताच उभा राहिलो, तर म्हणाली, "पाहून काय राह्यला? घे ना झिंगे!" दीडेक वर्ष ती अशीच होती. आम्ही तर रोग विसरूनच गेलो...

मग खोकला परतला. पुन्हा तुकडा काढला. रोगानं आणखी एक बदल केला होता आणि त्याच्यावरची गोळी अजून निघालेली नव्हती. केमो देऊन पाहू, म्हणाले. एकदा घेतल्यावर बाई मला म्हणाली, "आता मले घरी ने. इथी जीव लागत नाई." मी गाडी ठरवली. वाटेभर ती खिडकीतून धानाचे बांध बघत होती.

परवा तिच्या घरी गेलो. ओसरीच्या खुंटीला भाऊजींचं मासोळीचं जाळं टांगलेलं होतं, अर्धं सांधलेलं, दोरा तसाच लोंबत. शेवटी शेवटी खाटेवर बसून बाईच ते सांधायची, म्हणे.

"पुरं करून टाका ना, भाऊजी," मी म्हणालो.

"बसतो कधी कधी घेऊन," ते म्हणाले. "तिच्यासारखी गाठ मले मारता येत नाई."

जिथवर तिचा हात पोचला होता, तिथली शेवटची गाठ मी बोटानं ओढून पाहिली. सुटली नाही.