पाटावरचा खिळा

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. रडलो, नाही असं नाही. अजूनही रडतो, त्याची कुणाला लाज वाटत असेल तर त्याने तिकडे तोंड करून बसावं.

दिंडोरी रोडला आमची दहा गुंठे फुलशेती. शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. फुलं मी पिकवायची आणि नाशिकच्या फूलबाजारात नेऊन तिने विकायची, असं तीस वर्षं चाललं. मी तिला म्हणायचो, तुझं काय, तू बसून तर असतेस. राबतो मी. हे वाक्य आता मला सारखं आठवतं.

बाजारात जागेचा कागद नसतो. जो रोज बसतो त्याची जागा. सुतकात देवाच्या फुलांना हात लावायचा नाही, म्हणून तेरा दिवस तिची जागा रिकामी होती. शेजारी बेल-दुर्वा विकणारी बाई बसते, तिने त्या जागेवर आमचं पोतं अंथरून ठेवलं. पलीकडच्या नारळवाल्याने चौथ्या दिवसापासूनच दोन-दोन नारळ पोत्यावर सरकवायला सुरुवात केली आणि ही बाई ते परत ढकलायची. तेराव्याला ती घरी आली तेव्हा म्हणाली, "दाजी, उद्या कुणीतरी बसा. मी लय दिवस नाय धरू शकत."

पोरगा कंपनीत जातो. तो म्हणाला, जागा सोडून द्या, फुलं व्यापाऱ्याला घालू, तुम्ही आराम करा. मी म्हणालो, तुझी आई तीस वर्षं जिथं बसली तिथं नारळाचा ढीग झालेला मला बघायचा नाही. विषय संपला.

तर चौदाव्या दिवशी मी बसलो. आणि बसल्यावर कळलं की बसणं हे काम नव्हतंच. काम होतं हार बांधणं. झेंडूची माळ सुईने कुणीही ओवतं. बाजारात तिचं नाव होतं ते शेवंतीच्या बांधलेल्या हारासाठी. फूल ठेवायचं, दोऱ्याचा फेरा द्यायचा, गाठ आवळायची, आणि हे सगळं दोरा ताणलेला ठेवून. माझी डाव्या हाताची दोन बोटं चारा कापायच्या कुट्टी मशीनने नेली त्याला वीस वर्षं झाली. उरलेल्या बोटांनी खुरपं धरता येतं, दोरा ताणून धरता येत नाही. पहिल्या दिवशी मी सुटी फुलं विकली. तिची नेहमीची गिऱ्हाइकं थांबायची, विचारायची, हळहळायची आणि हार दुसरीकडे घ्यायची.

पोराला माझं तोंड बघवेना. त्याने मोबाइलवर एका कोटवाल्या माणसाचं भाषण लावून दिलं. सकारात्मक विचार करा, विचार बदला, आयुष्य बदलेल. मी पूर्ण ऐकलं. वाईट नव्हता बोलत. पण माझा विचार ठीक होता, बोटं ठीक नव्हती.

मग ओट्यावर बसून मी स्वतःच डोकं चालवलं. दोऱ्याचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलं, पाय ताणला, आणि दोन्ही हात मोकळे झाले. सकाळभर खपून हातभर हार झाला. वाकडा होता पण सुटत नव्हता. मला इतका आनंद झाला की आत हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात तसाच पाय पसरून बसलो. कॉलनीतली एक म्हातारी मास्तरीण रोज आमच्याकडून हार न्यायची. ती आली, पिशवी उघडली, आणि माझ्या पायाकडे बघत राहिली.

"काका, हा देवाला जायचाय," ती एवढंच म्हणाली आणि पिशवी मिटून निघून गेली.

तरीही मला कळेना. बेलवाली माझ्यावर धावून आली. "दाजी, अक्कल गहाण ठेवली का? पायाला बांधलेला दोरा देवाच्या गळ्यात घालायचा?"

नारळवाला हसला. "बाबा, घरी जा. देवाला पण आराम, तुम्हाला पण."

मी त्याला म्हणालो, तुझे नारळ माझ्या पोत्यावरून काढ, मग देवाची काळजी कर. पण कान गरम झाले होते. चूक माझीच होती. तीस वर्षं देवाची फुलं पिकवली आणि एवढं सुचलं नाही. तो हार मी कुणाला दिला नाही, परत नेला. येताना वाटलं, झालं, संपलं. गावाच्या फाट्यापर्यंत वाटत होतं. फाट्यावर उतरलो तेव्हा डोक्यात आलं, की पायाला धरता येतं तसं खिळ्यालाही धरता येईल.

खिळा ठोकायला फळी लागते. घरात बरोबर मापाची एकच होती, तिचा पाट. बाजारात ती त्यावरच बसायची, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. मी हातोडी घेतली तसा पोरगा म्हणाला, "दादा, आईचा पाट आहे तो."

"माहितीये. म्हणून तर नीट ठोकतोय."

दोन खिळे वाकले. तिसरा बसला. पाट चांगला धुतला. बाजारात गेल्यावर तो दगडाच्या टेकूने समोर उभा केला, दोऱ्याचं टोक खिळ्याला, पाय पोटाशी दुमडून घेतले. बेलवालीने तिच्या तांब्यातलं पाणी पाटावर शिंपडलं आणि वर म्हणाली, आता याच्यावर बूड टेकवाल तर बघा. पाट उभा करायला जागा लागत होती, तेवढे नारळ उचलून मी नारळवाल्याच्या बाजूला ठेवले.

मास्तरीणबाई पाचव्या दिवशी आली. आधी माझे पाय कुठे आहेत ते बघितलं, मग खिळा बघितला. हार हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला.

"सैल आहे जरा. मावशींचा घट्ट असायचा."

"तिचा घट्टच असायचा," मी म्हणालो. "हा माझा आहे."

तिने पिशवी उघडून धरली.