प्रकाशनाची पहिली प्रत

आमच्या जळगाव-धुळे या दोन जिल्ह्यांत रक्तविकारतज्ज्ञ मोजून नऊ. तरी आमची संघटना आहे, संघटनेला कार्यकारिणी आहे आणि मी तिचा सचिव. वर्षातून एकदा धुळ्यात जमायचं, एकमेकांना शाल-नारळ द्यायचा, भाषणं ठोकायची आणि भरीत-पुरीवर ताव मारायचा, हे आमचं कार्य.

मध्यंतरी एक खरं काम केलं. लग्नाआधी मुलामुलीचं रक्त तपासा, अशी पुस्तिका काढली. लिहिली मीच. थॅलेसेमियाच्या वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर त्यांच्या लेकराला जन्मभर दुसऱ्यांच्या रक्तावर जगावं लागू शकतं. पहूरला, पाचोऱ्याला जाऊन मी घसा कोरडा करत होतो, "आधी रक्त, मग पत्रिका!"

आणि माझीच मुलगी वाहक. धुळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरत आलं होतं, अन् त्या घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं. बायको म्हणाली, "पोरीत खोट आहे म्हणतील. साखरपुडा होऊ द्या." मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगता की मी सांगू?" मी म्हणालो, "बघू." पत्रिका मात्र जुळवून घेतली. छान जुळली! आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुस्तिकेच्या प्रकाशनाला प्रमुख पाहुणा कोण? आमची रीत सरळ आहे: जो जेवण देईल तो. जेवण दिलं मुलाच्या वडिलांनी, म्हणजे भाऊंनी. आता सचिवाने नको म्हणायचं ते कोणत्या तोंडाने?

प्रकाशन म्हणजे रिबीन सोडायची, पुस्तिका छातीशी धरायची, फोटो काढायचा. आत काय लिहिलंय ते कुणी बघत नाही, आमचे सदस्यसुद्धा. पण अध्यक्षांचं भाषण लांबलं आणि भाऊंनी खिशातून चष्मा काढला. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत. पहिलं पान, दुसरं पान. शेवटी पुस्तिका मिटून ते माझ्या कानाशी वाकले.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही बठ्ठासले, आख्खा गावले सांगतस. मंग माले का बरं सांगं नही?"

मी सगळं सांगून टाकलं. मुलगी वाहक आहे, स्थळ हातचं जाईल म्हणून घाबरलो, चुकलो. त्याच वेळी अध्यक्ष माझ्या जनजागृतीचं कौतुक करत होते आणि टाळ्या वाजत होत्या. भाऊ उठले. स्वतः दिलेलं जेवण न जेवताच गेले.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन ते जळगावला माझ्या दवाखान्यात हजर. रक्त मीच काढलं. रिपोर्ट आला. मुलगा वाहक नव्हता. मुलगी रडली, मी तिच्याआधी रडलो.

रिपोर्ट न्यायला भाऊ एकटेच आले. मी धीर करून विचारलं, "भाऊ, मग पक्कं समजू?"

"पक्कंच शे. पोर चांगली शे, तिना काय दोष?" त्यांनी रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली. "व्याही म्हनीसन तुम्ही चालतस. पण आमना घरनं रगत आते दुसरा डॉक्टर तपासी."