दुसऱ्यांदा फिरवलेला अंगठा

नालबंदाचा अंगठा पाहिला तर कुणीही म्हणावं, यात काय एवढं! नख अर्धं काळं, पेरावर जुन्या जखमेचा वळ, कडेला न भरणारी भेग. पण त्या अंगठ्याची कीर्ती पंचक्रोशीत होती. घोडा लंगडू लागला की लोक आधी त्याला निरोप धाडायचे. डॉक्टरचा विचार नंतर. त्याला सगळे ‘अंगठेबहाद्दर’ म्हणत. तो चांगला लिहिता-वाचता होता, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायचा; पण नाव पडलं ते पडलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं. एक हाड असतं, हाडामागे दोन जाड दोऱ्या आणि त्यांच्या आत, हाडाला बिलगून, एक चपटा पट्टा. डॉक्टर लोक त्यांना कंडरा आणि अस्थिबंध म्हणतात. नालबंद नुसतं ‘दोऱ्या’ म्हणायचा. एवढं मोठं धूड, पण पळताना त्याचा सगळा भार या दोऱ्यांवर येतो. दोरी एकदम तुटत नाही. आधी तिच्या पोटातले चार धागे तुटतात, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. ते चार धागे नालबंदाला सापडायचे. तो घोड्याचा पाय उचलायचा, दुमडून मांडीवर घ्यायचा, दोऱ्या सैल झाल्या की अंगठा वरून खाली सावकाश उतरवायचा. आधी चांगल्या पायावर, मग दुखऱ्या. “चांगल्या पायाला आधी विचारावं,” तो म्हणायचा, “मग दुसऱ्याचं खोटं लगेच कळतं.”

गावाबाहेर घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा होती. घोडे बांधायची विटांची सोळा ठाणं, वर पत्रे, मध्ये फरसबंद अंगण, पलीकडे वाळूचं रिंगण. शाळेच्या मालकिणीला सगळे बाई म्हणत. घोड्यांची उस्तवार करायला बावीस वर्षांपासून एक मावशी होती. ती नालबंदापेक्षा तीन वर्षांनी लहान, तरी तोही तिला मावशीच म्हणायचा. “तुमच्या आईला बहीण नव्हती वाटतं,” ती म्हणायची, “म्हणून मिळेल तिला धरताय.” मावशीच्या हातची पट्टी बघण्यासारखी असायची. पायाला आधी कापसाची गादी, तिच्यावर पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर. ना कुठे सुरकुती, ना कुठे ताण. सोळा घोड्यांचे पाय तिनं बांधले होते आणि कधी एक केस वाकडा झाला नव्हता.

त्या वर्षी तालुक्याला घोड्यांची नवी डॉक्टरीणबाई आली. वयानं नालबंदाच्या मुलीएवढी, आणि हातात पेटीएवढं सोनोग्राफीचं मशीन. पायाला जेल लावून ती दोरीच्या आतलं चित्र पडद्यावर बघायची. नालबंदाला ते झोंबलं. चहाच्या वेळी अंगणात तो सगळ्यांसमोर म्हणाला, “आमचा अंगठा असाच चालतो. त्यांच्या अंगठ्याला वायर लागते.” सगळे हसले. डॉक्टरीणबाईही हसल्या, आणि त्या हसल्या हेच त्याला जास्त लागलं.

शाळेत तांबडी नावाची एक घोडी होती. उडीला पक्की, स्वभावानं गरीब. दहा दिवसांवर स्पर्धा आलेली असताना ती पुढच्या डाव्या पायावर जरा आखडून चालू लागली. बाईंनी नालबंदाला बोलावलं. त्याच दिवशी डॉक्टरीणबाई दुसऱ्या एका घोड्याचे दात बघायला आल्या होत्या. त्याही हात पुसत ठाणाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

मावशीनं घोडीला फरशीवरून दुडक्या चालीनं पळवत नेलं आणि आणलं. डावा पाय टेकला की मान वर, उजवा टेकला की खाली. नालबंद अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चहाचा कप घेऊन उभा होता. घोडीला हातही न लावता त्यानं तिथूनच सांगून टाकलं, “खूर आहे. खडा लागलाय.” आवाज जरा चढवूनच म्हणाला, कारण ऐकायला कोण उभं आहे हे त्याला माहीत होतं. तीस वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. आधी हात, मग तोंड, हा त्याचाच नियम.

मग त्यानं कप ठेवला, उजव्या पायाला विचारलं, आणि डावा पाय मांडीवर घेतला. अंगठा खाली उतरत उतरत गुडघ्याखालच्या नळीच्या मध्यावर आला आणि थांबला. उशीच्या कापसात एखादी सरकी राहावी तेवढंच काहीतरी लागलं, आणि तिथली कातडी बाजूच्या कातडीपेक्षा किंचित ऊन होती. घोडीनं पाय हिसकला.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“माशी,” नालबंद म्हणाला.

आणि त्यानं अंगठा दुसऱ्यांदा फिरवला. या वेळी हलका. त्या जागेवर आला तेव्हा इतका हलका, की घोडीला कळूही नये. घोडी शांत उभी राहिली. “दोऱ्या स्वच्छ आहेत,” तो म्हणाला. मग त्यानं नाल काढला, चिमट्यानं खूर दाबून पाहिला, सुरीनं तळ खरवडला, आणि शोधणाऱ्याला कुठल्याही खुरात सापडेल तसा एक जुना काळसर डाग त्याला सापडला. तो त्यानं सगळ्यांना दाखवला. चार दिवस आराम द्या, मग घोडी तुमचीच, असं सांगून तो घरी गेला.

डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या की हवं तर मशीन गाडीत आहे. बाईंनी नालबंदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “नको, यांनी पाहिलंय ना.”

चार दिवस मावशीनं दोन्ही पाय बांधले. विश्रांतीनं ते आखडणं लपलं. पाचव्या दिवशी घोडी सरळ चालली, सहाव्या दिवशी बाईंनी स्वतः तिला रिंगणात नेलं, आणि तिसऱ्या उडीनंतर तांबडी तीन पायांवर उभी राहिली. तासाभरात डाव्या पायाची मागची रेष सुजून धनुष्यासारखी बाहेर आली. मावशी नळाचं थंड पाणी सोडत पायाशी बसून राहिली. तिचं लुगडं भिजून फरशीला चिकटलं तरी ती उठली नाही.

आता खापर कुणाच्या तरी माथी फुटायचं होतं. शिकवणाऱ्या मास्तरांपैकी कुणीतरी म्हणालं, पट्टी घट्ट बसली असेल, घट्ट पट्टीनंही दोरी अशीच सुजते. बाईंनी नालबंदाला विचारलं, “होतं का हो असं पट्टीनं?”

“होतं,” तो म्हणाला.

ते खोटं नव्हतं. पट्टीनं होतं. या पट्टीनं झालेलं नाही, एवढंच त्यानं सांगितलं नाही. मावशी समोर उभी होती. तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, उलटे करून, सुलटे करून, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं. पडद्यावर दोरी पांढरी, रेघारेघांची, आणि तिच्या पोटात एक काळं भोक. बराच वेळ त्या बघत राहिल्या. पट्टीची इजा बाहेरून आत जाते, ही आतून आहे, असं काहीतरी त्या बोलल्या, पण सूज फार आहे, आज छातीठोक सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. बाकीचे पांगल्यावर त्यांनी मशीनची वायर गुंडाळता गुंडाळता नालबंदाला हळूच विचारलं, “त्या दिवशी तुमच्या हाताला काही लागलं होतं का?”

कबुलीचं दार त्यांनी उघडून धरलं होतं. कुणी ऐकत नव्हतं. नालबंद म्हणाला, “काही नाही.”

बाईंनी मावशीला कामावरून काढलं नाही. बावीस वर्षं राबलेलं माणूस. फक्त घोड्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. मावशी बादल्या घासू लागली, अंगण झाडू लागली. पट्ट्या दुसरे लोक बांधायचे, आणि त्या इतक्या सुरकुतलेल्या असायच्या की येता-जाता तिचा हात नकळत पुढे व्हायचा आणि ती तो मागे घ्यायची. नालबंदाला हे सगळं खाली मान घालूनच दिसायचं. खूर खालीच असतात, त्याला मान वर करायची गरज नव्हती.

घरी तो जेवेना. बायकोनं चार दिवस पाहिलं, मग खोदून विचारलं, आणि अर्धवट ऐकून ती म्हणाली, झालं ते झालं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं नवऱ्याच्या बाजूनं म्हटलं होतं. नालबंदानं आपल्या मुठीकडे पाहिलं. अंगठा तिच्या आत होता.

पंधरवड्यानंतर एका दुपारी मावशी त्याच्या दुकानी आली. भट्टी थंड होती, तो कानस लावत होता. तिच्या पिशवीत एक गुंडाळलेली पट्टी आणि कापसाची गादी होती. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, “हात पुढे करा.”

“कशाला?”

“करा तर.”

त्यानं हात पुढे केला. तिनं त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत गादी लावली आणि पट्टी बांधायला घेतली, वेढ्यावर वेढा, अर्ध्यावर अर्धा. शेवटचं टोक खोचून तिनं वर पाहिलं.

“घट्ट आहे का?”

नालबंदानं मूठ उघडझाप करून पाहिली. पट्टी अशी बसली होती, की कुणी मायेनं हात धरून ठेवावा. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

“खरं सांगा. तुमच्या हाताला कळतं, माझ्या हाताला आता कळेनासं झालंय. घरी उशीला बांधून बघते, टेबलाच्या पायाला बांधते, आणि मला वाटतं घट्टच होतेय. बावीस वर्षं मी घट्टच बांधत होते का? कुठे चुकतं ते दाखवा, मी शिकेन.”

“नाही,” तो म्हणाला. “घट्ट नाही.”

“मग त्या दिवशी कशी झाली?”

त्याच्या जिभेवर शब्द आला होता. तो आला आणि तिथेच बसला. मावशीनं पट्टी सोडली, नीट गुंडाळली, पिशवीत ठेवली, आणि “बरं, येते” म्हणून निघून गेली. तिनं बांधलेल्या हातावर तो वळ शोधायला गेला, तर एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तो शाळेत गेला. बाई होत्या, दोन्ही मास्तर होते, डॉक्टरीणबाई तांबडीला बघायला आल्या होत्या. मावशी नळापाशी बादल्या घासत होती. जिथून त्यानं “खूर आहे” म्हणून सांगितलं होतं, त्याच टोकाला तो उभा राहिला. कुणी कप दिला तो त्यानं घेतला नाही.

“तांबडीची दोरी आधीच गेली होती,” तो म्हणाला. “मी आलो त्या दिवशीच. माझ्या अंगठ्याला लागलं होतं. घोडीनं पाय हिसकला, मी माशी म्हणालो. मग मी दुसऱ्यांदा अंगठा फिरवला तो हलका फिरवला, तिनं हिसकू नये म्हणून. तोंडातून खूर असं निघून गेलं होतं, आणि या डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. मावशीच्या पट्टीचा काही दोष नाही.”

बाई कप ठेवून ऑफिसाकडे निघाल्या. दाराशी थांबून एवढंच म्हणाल्या, की मी त्या पायावर तीन उड्या मारल्या. डॉक्टरीणबाई मशीनकडे बघत राहिल्या. त्यांनी एक टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मावशीनं बादली पालथी घातली आणि हात पुसत जवळ आली.

“पहिल्यांदा चुकला असतात ना, तर मी कुणाला बोलू दिलं नसतं,” ती म्हणाली. “माणसाचा हात आहे, चुकतो. पण दुसऱ्यांदा हलका दाबलात.” तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. “आणि काल मी तुमच्या हाताला पट्टी बांधली.”



नालांचं काम बाईंनी दुसऱ्याला दिलं. पण तांबडीला वर्षभर जपायचं होतं. आधी ठाणात बांधून, मग रोज दहा मिनिटं चालवायचं, दर पंधरवड्याला पाच मिनिटं वाढवायची. तिला चालवायला मी येतो, असं नालबंद म्हणाला, आणि बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. तो रोज येऊ लागला. सकाळी घड्याळ लावून तो घोडीला फरशीवरून चालवायचा. लोक बघायचे. कुणीतरी ‘अंगठेबहाद्दर’ म्हणायचं, आणि आता त्यात काय असतं ते त्याला कळायचं.

पट्ट्या पुन्हा मावशीकडे आल्या. बांधायच्या आधी ती बाजूला सरकायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “फिरवा अंगठा. नीट दाबून.” तो पाय मांडीवर घ्यायचा, दाबायचा, आणि लागेल ते मोठ्यानं सांगायचा. आज ऊन आहे. आज गाठ कालएवढीच. आज हिसकला. मावशी ऐकायची आणि पट्टी उलगडायची. तिनं त्याला परत कधी ‘मिळेल तिला धरताय’ म्हटलं नाही.

आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलं. काळं भोक पांढऱ्या रेघांनी भरत आलं होतं. बाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. दोन महिन्यांवर पुढची स्पर्धा होती. पडद्यावर तरी ठीक दिसतंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग नालबंदाकडे वळल्या. “तुम्ही बघा.”

सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि सगळ्यांना काय ऐकायचं आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं उजव्या पायाला विचारलं. मग डावा मांडीवर घेतला. अंगठा मध्यावर आला. गाठ गेली होती. फक्त खोल दाबल्यावर घोडीच्या खांद्याची कातडी थरारली, एवढीशी, माशी बसल्यासारखी.

त्यानं दुसऱ्यांदा दाबलं. पहिल्याइतकंच.

“अजून दुखतंय,” तो म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी मशीन बंद केलं आणि आणखी दोन महिने नुसतं चालवा असं सांगितलं. कुणी नालबंदाला शाबास म्हटलं नाही. त्याचीही ती अपेक्षा नव्हती. तो पाय धरून तसाच वाकून राहिला, आणि मावशीनं त्याच्या हाताशेजारून गादी लावून पहिला वेढा घेतला.