भासऱ्यांच्या नाकावरची रेघ

भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, पांढुर्ण्याला आले की आमच्या प्रिंटरशेजारी बसून संत्री सोलायचे. मग कागद आपोआप ओढणाऱ्या ट्रेतून निघालेल्या प्रत्येक कॉपीवर उभी काळी रेघ येऊ लागली.

"तुह्या माहेरचं मशीन हाय, असंच राहणार," ते पाहुण्यांसमोर म्हणाले.

मी झाकण उघडलं. मोठ्या काचेच्या बाजूला, ट्रेतले कागद जिच्यावरून सरकतात त्या बोटभर काचपट्टीवर संत्र्याच्या रसाचा वाळलेला ठिपका होता. मी तो तसाच ठेवला.

पुढच्या खेपेला ते स्वतःच्या सत्काराची पत्रिका घेऊन आले. मी सगळ्या कॉप्या त्याच ट्रेतून काढल्या. रेघ बरोबर त्यांच्या फोटोतल्या नाकावरून गेली.

"हे काय करून राहिली तू?"

"माहेरचं मशीन हाय, भाऊजी."

ठिपका मी ओल्या फडक्यानं पुसला, पण ते सौसरला परत गेल्यावर.