नबविया आणि थंड दिवा

हाजी मेतवल्लींच्या उबवणीघरात, दारापासून तिसऱ्या खोलीत, नबवियाचं स्टूल होतं. त्याचा एक पाय केव्हाच मोडला होता. त्या जागी वीट लावलेली. या स्टुलावर बसून तिनं एकतीस वर्षं अंडी पाहिली. समोर पत्र्याचा डबा, डब्याला अंड्याएवढं भोक आणि आत शंभराचा पिवळा बल्ब. सातव्या दिवशी प्रत्येक अंडं भोकाशी धरायचं. आत लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसलं की अंडं फळलेलं, ते परत शेगडीच्या उबेला. काही दिसलं नाही तर रिकामं, ते खालच्या टोपलीत, गावच्या पाव भाजणाऱ्या भट्टीवाल्याकडे जायला.

डबा तापून चटके द्यायचा, म्हणून ती बोटांना चिंधी गुंडाळी. तरी उजव्या अंगठ्याचं टोक कायमचं गुळगुळीत झालं होतं. अंडं किती उबदार आहे हे मात्र ती बोटानं कधी पाहत नसे. अंडं मिटलेल्या पापणीला लावायचं. पापणी खोटं सांगत नाही, असं तिच्या सासऱ्यांनी तिला शिकवलं होतं. नवरा गेल्यावर दोन मुली याच स्टुलावर बसून तिनं वाढवल्या.

त्या हिवाळ्यात रोज दोन तास वीज जात होती. एके सकाळी भट्टीवाला झाकलेली बशी घेऊन आला आणि हाजींसमोर ठेवून न बोलता गेला. फोडलेल्या अंड्यात अर्धं वाढलेलं पिल्लू होतं. महिन्यातली ही तिसरी वेळ.

हाजी बशी घेऊन तिसऱ्या खोलीत आले. "नबविया, हे बघ. उद्या लोक म्हणतील, मेतवल्लीच्या अंड्यांतून पिल्लं डोळे वटारून बघतात."

"त्या भट्टीवाल्याच्या पावात खडे निघतात, तेव्हा कोणी बशी आणतं का?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. तुझी नजर गेली. यात तुझा दोष नाही, वयाचा आहे. ही खेप संपली की तू घरी बस."

"आणि हे स्टूल? पाय लावून देतो म्हणाला होतात."

"आता कशाला लावू? बसणार कोण?"

नबवियानं मान खाली घालून पुढचं अंडं उचललं. देशी कोंबड्यांची तपकिरी टरफलं तिला अलीकडे खरंच भिंतीसारखी दिसत. हे ती कुणाला बोलली नव्हती.

दोन दिवसांनी हाजींची धाकटी सून रगदा शिडी घेऊन आली. लग्नाआधी ती तांत्रिक शाळेत विजेचं काम शिकवायची. वीज गेली की घरचं छोटं जनरेटर एवढे बल्ब ओढू शकत नसे. निम्मं उबवणीघर अंधारात जाई आणि पिल्लांच्या खोलीतलेही अर्धे दिवे बंद ठेवावे लागत. म्हणून रगदानं एका दिवसात सगळीकडचे जुने बल्ब काढून एलईडी लावले. शेवटी ती पत्र्याच्या डब्याशी आली.

"हात लावू नकोस, पोरी," नबविया म्हणाली. "माझी शेवटची खेप आहे. माझा बल्ब माझ्याबरोबर जाऊ दे."

"खाला, हा बल्ब दिवा नाहीये, चूल आहे. खातो शंभर, त्यातला उजेड जेमतेम चिमूटभर. बाकीचं तुमच्या अंगठ्यावर जातं. एकच अंडं बघा. नाही पटलं तर परत लावते."

नबवियानं कुरकुरत अंडं भोकाशी धरलं. आतलं जाळं केसाकेसानं दिसत होतं. मधोमध एक लाल ठिपका उड्या मारत होता. तिनं दुसरं अंडं धरलं, तिसरं धरलं. मग रिकाम्यांच्या टोपलीत हात घालून सकाळची अंडी एकेक करून पुन्हा पाहिली आणि त्यांतली अकरा परत उबेला ठेवली.

"खाला, रडताय?"

"रडत नाही गं. देवाचे आभार मानतेय. मला वाटलं होतं डोळे गेले. गेला होता तो दिवा."

डबा गार होता. बोटाची चिंधी सोडून तिनं खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी पाहता पाहता तिचा हात थांबला. पलीकडच्या खोलीतून, कालच अंड्यांतून निघालेल्या पिल्लांचा आवाज येत होता. रोजची कुजबुज नव्हे, टोकदार, एकसुरी चिवचिव. ती उठून गेली. खोली लख्ख उजळली होती आणि पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून ढीग करून बसली होती. तिनं ढिगातलं एक उचलून पापणीला लावलं. पाय बर्फासारखे.

"रगदा! जुने बल्ब कुठे टाकलेस? धावत घेऊन ये!"

रगदा खोकं घेऊन आली, ढीग पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "मी बल्ब म्हणजे बल्ब समजले, खाला. इथे ते उजेडासाठी नव्हतेच."

"इथे आम्हाला चूलच लागते, बाई. चढ शिडीवर. मी खालचा ढीग मोडते."

दोघींनी मिळून एकेक पिल्लू सोडवलं. तळाची चार गेली होती. बाकीची हळूहळू ऊब लागून पसरली आणि कुजबुजायला लागली. दुपारी वीज गेली. रगदानं जनरेटर सुरू केलं आणि ती दिवे बघायला पिल्लांच्या खोलीत गेली. बाकी उबवणीघराचे दिवे आता इतकं थोडं मागत होते, की पिल्लांच्या खोलीतले सगळेच्या सगळे पिवळे बल्ब पेटते राहिले. त्या हिवाळ्यात असं पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी रगदानं सासऱ्यांना सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. "अब्बा, तुमची नबविया नसती तर ती खोली सकाळीच संपली होती."

ती खेप एकविसाव्या दिवशी फुटली. भट्टीवाल्याकडून पुन्हा बशी आली नाही. परत उबेला ठेवलेल्या त्या अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. नबवियानं त्यांच्या पायांना लाल दोरा बांधला होता.

दुसऱ्या सकाळी ती आपलं सामान न्यायला आली, तर तिसऱ्या खोलीत हाजी जमिनीवर बसून स्टूल उलटं करून खिळा ठोकत होते. नवा पाय पेरूच्या लाकडाचा होता, इतर तिन्हींपेक्षा किंचित लांब.

"डुगडुगेल हो हे," ती म्हणाली.

"डुगडुगू दे. बस आधी. आणि मलाही एकदा दाखव, ते हृदय उडतं म्हणतात ते."

ती बसली. दिवा लावला, अंडं भोकाशी धरलं, आणि हाजींना पाहता यावं म्हणून डोकं थोडं बाजूला केलं.