पट्ट्याखालचा नंबर

भिंगकाकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. असं सगळ्यात आधी कुणी म्हटलं असेल, तर ते खुद्द भिंगकाकांनीच. पंचेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करताना त्यांची उजवी भुवई कायमची वर चढली होती, त्यामुळे समोरचा थापा मारतोय असा त्यांना संशय आहे, असंच दिसायचं. बहुतेक वेळा तो असायचाही. कुणाला जुनं, भारी परदेशी घड्याळ घ्यायचं असलं की तो आधी ते काकांच्या टेबलावर आणून ठेवी. काका झाकण उघडत, मॉडेल ताडून बघत, आतलं मशीन न्याहाळत, नंबर वहीत उतरवत आणि एका शब्दात निकाल देत. अस्सल, नाहीतर नक्कल. "डायल रंगवता येतो, बाहेरची केस बदलता येते. मशीन खोटं बोलत नाही." हे पालुपद त्यांच्या बायकोनं इतकं ऐकलं होतं, की भाजी निवडता निवडता ती त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची.

बंदरावरच्या दोन भावांची घड्याळं त्यांनीच पारखून दिली होती. वडिलांनी दोघांना लग्नात सारखीच घड्याळं दिली. मॉडेल एक, साल एक, पट्टेही काळेच. फरक फक्त नंबरांचा. एक नंबर आत मशीनवर, दुसरा बाहेर केसवर, पट्टा जिथे अडकवतात तिथे, पट्ट्यानं झाकलेला. काकांच्या वहीत चारही नंबर व्यवस्थित लिहिलेले होते.

त्या भावांची होडी बुडाली. तीन आठवड्यांनी एकच प्रेत किनाऱ्याला लागलं. चेहऱ्यावरून ओळख पटण्याची सोय उरली नव्हती, अंगकाठी दोघांची सारखी आणि कपडेही दोघं घालत तसलेच. मनगटावर घड्याळ मात्र शाबूत होतं. पोलीस चौकीतल्या साहेबांनी काकांना वहीसकट बोलावून घेतलं. बाहेर बाकावर दोघी जावा एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. आतून जे नाव येईल त्याची बायको विधवा होणार होती, आणि दुसरीला निदान वाट बघता येणार होती. दोघी काकांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर काकांना ते थोडं आवडलंही.

त्यांनी झाकण उघडलं. आत वाळू होती, गंज होता, पण मशीनवरचा नंबर वाचता येत होता. तो धाकट्याचा होता.

"केसवरचाही बघायचा ना?" साहेबांनी विचारलं. वहीतले दोन रकाने त्यांना दिसत होते.

"पट्टा फुगून चिकटलाय, साहेब. उगाच कशाला? केस कुणाचीही कुणाला बसते. मशीन खोटं बोलत नाही."

काकांनी सही केली. धाकटी बाकावरून खाली घसरली, आणि थोरलीनं तिला उचलून छातीशी धरलं.

महिन्याभरानं काका त्यांच्या घरी गेले. थोरलीनं चहा ठेवला. नवऱ्याच्या शोधात बंदराबंदरांतल्या दवाखान्यांना तिनं पत्रं लिहिली होती, त्यातल्या दोन दवाखान्यांची उत्तरं आली होती. "नाही म्हणालेत. पण अजून बरेच दवाखाने आहेत," ती म्हणाली. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. तिनं काहीतरी बोलायचं म्हणून घड्याळाचा विषय काढला.

"काका, तुम्ही उघडून धुऊन-पुसून दिल्यापासून ह्यांचं घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडायचं. आधी भाऊजींचं पडायचं. भाऊजींचं मग अगदी बिनचूक चालायला लागलं. दोघं हसायचे. म्हणायचे, काकांनी स्वभाव बदलून दिलेत."

काकांनी कप खाली ठेवला. दोन्ही घड्याळं धुवायला एकाच दिवशी आली होती. दोन्ही मशीनं एकाच फडक्यावर शेजारी शेजारी ठेवलेली. आणि नक्कल कशी ओळखावी, यावर एका गिऱ्हाइकाला व्याख्यान देत देत त्यांनी ती परत केसमध्ये बसवली होती. थोरल्याचं मशीन धाकट्याच्या केसमध्ये, धाकट्याचं थोरल्याच्या. दुसऱ्या कुणाचा हात त्या घड्याळांना कधी लागलाच नव्हता.

गप्प बसायचा विचार मनात आला नाही असं नाही. त्या घरापासून चौकीपर्यंतच्या वाटेवर तो तीनदा आला. गेलेला माणूस काही परत यायचा नव्हता, आणि उतारवयात स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडाला काळं फासायची हौस कुणाला असते? पण ती बाई पत्रं लिहीतच राहणार होती. काकांनी साहेबांकडून घड्याळाचं पाकीट मागून घेतलं. पट्ट्याची पिन दाबली, पट्टा सोडवला, केस पुसली आणि भिंग लावलं. नंबर थोरल्याचा होता. साहेबांनी नवा कागद पुढे सरकवला.

दोघी जावांच्या घरी जाऊन सांगायचं काम काकांनी स्वतःकडेच घेतलं. उंबऱ्यात उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं, मशीनं कशी बदलली, गेला तो थोरला, चूक कुणाची.

धाकटीनं मान वर केली. महिन्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यात जीव आला. तिचं तिलाच ते कळलं आणि तिनं ओंजळीत तोंड लपवलं. पण थोरलीला ते दिसलं होतं.

"त्यांना स्मशानात नेलं तेव्हा मी हिला धरून आतल्या खोलीत बसले होते," थोरली म्हणाली. "बाहेर आलेसुद्धा नाही. म्हटलं, निरोप द्यायचा हक्क हिचा आहे."

"माझं चुकलं, पोरी."

थोरलीनं विचारलं, "पट्टा काढायला किती वेळ लागतो, काका?"

अर्धा तास, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"दोन मिनिटं," ते म्हणाले.